केरूची बसलेली शाई

७ जानेवारी १९२९ रोजी, सोमवारी, केरूने महाडच्या शाळांच्या कचेरीत अकरा रुपये चार आणे मोजून घेतले. नव्वद रिकाम्या बाटल्या बुचासकट विकत आणायच्या, बाटलीला दोन आणे, त्याची ही उचल. शाईचे चोवीस रुपये वेगळे. ते माल पोचल्यावर आणि पसंत पडल्यावर मिळायचे होते. मुदत १५ मार्चची. एप्रिल लागताच तालुक्यातल्या शाळांच्या परीक्षा होत्या, आणि सगळ्या शाळांत एकाच हातची शाई जावी असे त्या साली पहिल्यांदाच ठरले होते.

"इथं अंगठा कर," कारकून पावती पुढे सरकवत म्हणाला.

"सही येते मला."

"अरे वा! मग तुझ्याच शाईनं कर. बघू तरी काय घेतोय आम्ही."

केरूने कमरेची कुपी काढली, बोरू बुडवला आणि सही केली. कारकुनाने बोट फिरवून पाहिले. अक्षर पुसले नाही, फुटले नाही. "बापाची आठवण करून दिलीस रे," तो म्हणाला, आणि पावती वाळत ठेवली.

केरूचा बाप हैबती पोलादपूरवरच्या कुडपणचा. तिथे डोंगराच्या माथ्यावर सपाटी आहे, नाचणी-वरी होते, म्हशी चरतात, आणि घरटी एक माणूस मुंबईला असते. हैबती मुंबईला गेला नाही. तो तरुणपणी महाडजवळच्या नाते गावी एका देशपांड्यांकडे अकरा वर्षे चाकरीला होता. त्या घरात लिहिणारे पुष्कळ आणि शाई घोटायला कोणी नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे आले. परत आला तो हा हुन्नर घेऊन. हिवाळाभर शाई घोटायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला खाली नेऊन विकायची, हे त्याने मरेपर्यंत केले. पुढे केरूने तेच धरले.

केरूचा थोरला भाऊ मोरू गिरणीत होता. आदल्या सालचा सहा महिन्यांचा संप मिटल्यावर तो पुन्हा कामावर लागला, आणि दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने धाकट्याला सरळ विचारले होते.

"केरू, किती दिस हे काळं तोंड करून बसनार? मुकादमाशी बोललोय. एक जागा हाय. पगार रोकडा."

"मी एकदा येऊन बघितली ना तुजी मुंबई."

"चार महिन्यांत काय बघितलीस? ताप आला नि पळालास."

ते खरे होते. चौदा माणसांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, एकाचे अंथरूण थंड व्हायच्या आत दुसऱ्याने पडायचे. चार महिन्यांत केरूचे वजन इतके उतरले होते, की पोलादपुरात ओळखीच्या माणसांनी त्याला ओळखले नाही. पुन्हा जायचे नाही हे त्याने तेव्हाच ठरवले होते. मोरूने बाकी शेवटचे सांगून ठेवले: "होळीपर्यंत जागा धरून ठेवतो. मग माज्या हातात नाय."

आणि मार्गशीर्षात हे काम चालून आले. नीट पार पडले तर पुढची तीन साले शाई तुझ्याकडूनच घेऊ, असे कचेरीतून तोंडी सांगितले होते. तेवढे झाले असते तर केरूला डोंगर उतरावा लागला नसता. सगळे त्या नव्वद बाटल्यांवर येऊन थांबले होते.

काजळाची जबाबदारी आईची. येसूबाईने वाडीतल्या अठराही घरांत दिव्यावर एकेक मातीचा परळ पालथा घालून ठेवला होता. करंजेलाचा दिवा जळे, परळात काजळी धरे, आणि आठवड्याच्या आठवड्याला म्हातारी कोंबडीचे पीस घेऊन घरोघर फिरे. बायका चेष्टा करीत.

"येसूबाय, आमच्या घरधन्याच्या तोंडावरचं पन झाडून ने गो."

"त्याला तेल किती घालतेस ते सांग आधी," येसूबाई म्हणे, "मंग बघते."

असे वर्षभर फिरून दीड शेर काजळ जमले होते. धावड्याचा डिंक तिनेच रानातून आणून पावसाळाभर सांभाळला होता. ती साठीची होती आणि पायाने अधू होती. नवऱ्यामागे शाई टिकली ती तिच्यामुळे, हे केरूला ठाऊक होते.

जानेवारीच्या मध्याला घोटणे सुरू झाले. मांडवाखाली लोखंडी कढई, तिच्यात काजळ आणि भिजवून गाळलेला डिंक, आणि वर लिंबाचा सोटा. काजळ आधी पाण्याला दाद देत नाही. ते वर तरंगते, हाताला लागते, वाऱ्याने उडते. घोटून घोटून डिंक कणाकणाला लागला म्हणजे ते पाण्यात मिसळते, आणि एकदा मिसळले की वर्षानुवर्षे खाली बसत नाही. एका घाण्याला आठ दिवस, हे हैबतीचे माप. दुसरी एक गोष्ट त्याने मुलाला बजावली होती, ती अशी, की शाई जिभेला लावायची नाही. शाई म्हणजे सरस्वती. ती उष्टी करू नये, तिच्यात पडणारा डिंकही चाखू नये. केरूने ते आयुष्यभर पाळले.

या खेपेला चौथ्या दिवसापासूनच शाई दाट लागू लागली. सोटा जड फिरायचा. केरूची बायको रखमा वाकून पाहू लागली.

"अवो, ही शाई का आंबील?"

"दाट शाई म्हंजे काळी शाई. तुला काय कळतं?"

"मला शाईतलं नाय कळत. आंबिलीतलं कळतं."

बरणीत भरल्यावरही गंमतच दिसली. बरणी तिरपी केली तर शाई लागलीच वाहत नसे. ती थरथरे, विरजण लागलेल्या दह्यासारखी. काठीने ढवळले की पातळ होई, ठेवून दिली की तासाभरात पुन्हा थरथरे. लिहायला मात्र सुरेख. केरूने कागदावर रेघ ओढून पाहिली आणि त्याला वाटले, काजळ या साली चांगले पडले. तीन घाणे झाले. २३ फेब्रुवारीला त्याने नव्वद बाटल्या भरून बुचे लावली. दुसऱ्या दिवशी कावडीत तीस बाटल्या घालून तो नात्याला गेला. त्या बाजूच्या शाळांचा माल तिथले रावजी मास्तर वाटून देणार होते. मास्तरांनी बाटली उघडून पाहिली, वास घेतला आणि "छान" म्हणाले. साठ बाटल्या पडवीत रांगेने राहिल्या.

६ मार्चला सकाळी रखमा पडवी झाडत होती.

"बाटल्यांत पानी कोनी घातलं गो?" ती आत ओरडली.

केरू बाहेर आला. एका बाटलीत वर बोटभर स्वच्छ पाणी होते, फिक्या चहासारखे, आणि खाली काळे. बाकीच्या जशाच्या तशा होत्या. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाटलीत मानेपाशी एक बारीक भेग पडली. अकरा दिवस हललीही नव्हती ती शाई. भेगेतून काळा तुकडा सुटून खाली गेला, त्याच्या वाटेने दुसरा गेला, आणि मग बाटलीतले सगळे काळे खाली सरकू लागले. एक भाकरी खाऊन होईतो वर अर्धी बाटली पाणी झाले. दुपारपर्यंत अशा एकवीस बाटल्या गेल्या. कोणती कधी जाईल याला काही नेम नव्हता. केरू नुसता पाहत होता. पाहण्याखेरीज काय करायचे हे त्याला समजत नव्हते.

त्याने बाटल्या हलवल्या. शाई पुन्हा काळी झाली, उभी राहिली. दुसऱ्या हलवणीला ती सांजेपर्यंतसुद्धा टिकली नाही. एका बाटलीत त्याने जास्त डिंक घालून पाहिला, ती आधी बसली.

"नजर लागली," येसूबाई म्हणाली. "साठ बाटल्या मांडून ठेवल्यास, येनारा-जानारा बघतोय." तिने मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, सगळ्या रांगेवरून तीनदा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. म्हातारीचे समाधान झाले. बाटल्या बसतच राहिल्या.

सातव्या तारखेला केरू एक बाटली फडक्यात गुंडाळून उतरला. वस्तीला महाडात राहून आठ तारखेला दुपारी नात्याला पोचला. शाळा सुटायची होती. रावजी मास्तरांनी त्याला पाहताच हाताने खूण केली, आणि कपाटाचे दार उघडून दाखवले. तीसही बाटल्यांत वर पाणी होते.

"मी तुला निरोपच धाडणार होतो," मास्तर म्हणाले. "कचेरीला परवाच कळवलंय. काय करणार, परीक्षा तोंडावर आहे."

"पंधरा तारीख हाय ना माजी, मास्तर."

"आहे. तोवर झालं तर मी स्वतः सांगेन त्यांना. पाणी कुठलं वापरलंस?"

"आमच्या झऱ्याचं. बापानं बी तेच वापरलं."

मास्तर शाळेत पदार्थविज्ञानाचे दोन धडे शिकवीत आणि उरलेले स्वतःच्या डोक्याने जुळवीत. त्यांनी देशपांड्यांकडची जुनी शाई आणवली, हैबतीच्या हातची, तेरा वर्षांची. ती अजून तशीच होती. दोन काचेच्या नळ्यांत तिचे चार-चार थेंब पाण्यात टाकले आणि एकीत चिमूटभर मीठ घातले. मिठाच्या नळीतली शाई घंटाभरात फुटून खाली बसली. दुसरी काळीच राहिली.

"पावसाळ्यात सावित्रीचं पाणी लाल असतं की नाही? तोच गाळ खाडीचं खारं पाणी लागलं की खाली बसतो. तारवं रुततात ती त्यामुळंच. आता तुझ्या बाटलीतलं हे वरचं पाणी चाख."

केरू मागे सरला. "शाई उष्टी करू नये, मास्तर."

"अरे, ही शाई राहिलीय कुठं? चाख."

केरूने बोट बुडवले आणि जिभेला लावले. पाणी खारट होते.

मास्तरांनी मग त्याला समजेल असे सांगितले. काजळाचा कण इतका हलका, की तो सहसा बसत नाही. डिंक त्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मीठ आले की ते अंतर राहत नाही. कण एकमेकांचे हात धरतात आणि बाटलीभर नुसते हात धरून उभे राहतात. म्हणून ती शाई दाट वाटली, थरथरली. असे ते दहा-अकरा दिवस उभे राहतात, बाहेरून कोणाला काही दिसत नाही. मग कुठेतरी एकाचा हात सुटतो.

"मग सगळे जातात," मास्तर म्हणाले. "माझी समजूत अशी आहे. चुकतही असेन."

"पुन्ना उभी करायला काय करू?"

"ते मला येत असतं, तर मी शाई विकली नसती का?"

नऊ तारखेला दिवस मावळताना केरू घरी आला. पाय न धुता तो आत गेला आणि आढ्याला टांगलेली डिंकाची गोण खाली काढली. तळाशी दोन-तीन मुठी डिंक उरला होता. त्याने खडा जिभेला लावला.

"काय बघतोस?" येसूबाई चुलीपाशी होती. "चांगला हाय ना? एक मुंगी लागली नाय की कीड नाय. मोप जनींचा डिंक सडला या पावसात. मी हुशारी केली. वैशाखात महाडास्नं वरसाचं मीठ आनलं ना आपन, ती गोण रिती झाली तशी तिच्यातच भरला. मिठाच्या गोणीला कीड शिवत नाय. तुज्या बापाला सुद्धा सुचलं नव्हतं हे."

रखमा दारात उभी होती. तिने गोण पाहिली, नवऱ्याच्या हातातला खडा पाहिला, आणि तोंड उघडले. केरूने तिच्याकडे पाहिले. तिने तोंड मिटले आणि ती पाण्याची घागर घेऊन बाहेर गेली. चार महिने पावसाची ओल खाऊन त्या गोणीच्या तागातले सगळे मीठ डिंकात उतरले होते. ते दिसत नव्हते, आणि ते कोणी वेगळे काढू शकत नव्हते.

"चांगला हाय, आये," केरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पलीकडच्या वाडीत ठकूबाईकडे गेला. ती रानात फिरून डिंक गोळा करून विकत असे. तीन शेर डिंक त्याने चाखून घेतला. तीन आणे शेर. पैसे नव्हते.

"होळीला दे," ठकूबाई म्हणाली. "पन चाखतोस काय रे? इख हाय का माज्याकडं?"

काजळ दुसरे मिळणार नव्हते. वर्षाचे काजळ त्या बाटल्यांच्या तळाशी होते. त्याने साठ बाटल्यांवरचे पाणी काढून टाकले, खालचे काळे कढईत ओतले, झऱ्याचे पाणी घातले, बसू दिले, पुन्हा ओतून काढले. तीन वेळा धुतले. मग नवा डिंक घालून घोटायला बसला. मुदतीला बाटल्या महाडात पोचवायच्या तर चौदाच्या पहाटे निघायला हवे होते. हातात चार दिवस होते आणि बापाचे माप आठांचे. नवराबायकोने आळीपाळीने सोटा धरला. एकदा गोळा झालेले काजळ सुट्या काजळासारखे फुटत नव्हते. तळाला रव्यासारखे लागे, बोटांत चिरडले तर चिरडे, पण कढईभर रवा बोटांनी चिरडता येत नाही.

"आये इचारते, पुन्ना का घोटताय म्हनून," रखमा म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुमालाच इचारा."

येसूबाईने तेराव्या तारखेला विचारले. केरू सोटा फिरवीतच म्हणाला, "माजा हात चुकला, आये. घोटाई कमी पडली."

म्हातारीने वाकून कढईत पाहिले. "तरी मी म्हनते," ती म्हणाली, "डिंक चांगला, काजळ चांगलं, मंग शाई का बसावी?"

१४ तारखेला पहाटे बाटल्या भरल्या तेव्हा शाई काळी होती. कावड सावकाश न्यायची म्हणून तो घाटात दर वळणाला थांबला. १५ तारखेला दुपारी कचेरीत त्याने बाटल्या टेबलावर मांडल्या. कारकुनाने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मानेपाशी बोटभर पाणी होते. त्याने दुसरी धरली, तिसरी धरली, आणि मग धरायचे थांबवले.

"केरू, मला वाईट वाटतं रे," तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. कोपऱ्यात खोक्यात शाईच्या पुडीची पाकिटे रचलेली होती. मास्तरांचे पत्र आल्यावर मुंबईहून मागवलेली, आदल्याच दिवशी आलेली. "पाण्यात टाकायची, ढवळायची, झालं. बाटल्या मात्र ठेवून जा, पुडीची शाई भरायला लागतीलच. नात्याच्याही तिथंच राहू देत. म्हणजे तुझं-आमचं देणंघेणं फिटलं. जरा रिकाम्या करून दे तेवढ्या."

केरूने साठ बाटल्या मागच्या बाजूला खाडीवर नेल्या. भरती चढत होती. तो एकेक बाटली उपडी करी, खळबळून घेई आणि बाजूला ठेवी. शाई पाण्यात पसरली नाही. तिचे गोळे झाले आणि ते खाली गेले. धक्क्यावर एक तांडेल जाळे शिवत बसला होता.

"काय औषध बुडवतोस काय रे?"

"शाई हाय."

"मग लिही की कायतरी!" तो हसला. केरूही थोडा हसला. साठ बाटल्या धुऊन व्हायला दिवस कलला.

होळी दहा दिवसांवर होती. ती त्याने घरी केली, आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मोरूबरोबर निघाला. मोरू सुटी काढून त्याला न्यायलाच आला होता, आणि या वेळी तो काही टोचून बोलला नाही. येसूबाईने दोघांना नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. केरू अंगणात चपला घालत होता तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, तिला वाटले तितक्या हळू नाही:

"पोरगा गुनाचा हाय गो. पन हात नाय बापासारका. बापाची शाई तेरा वरसं बसली नाय. याची तेरा दिस नाय. मी माजं समदं चोख दिलं होतं. हातातच नाय त्याला कोन काय करनार?"

रखमाने गोण आढ्यावरून काढून टाकली होती. म्हातारीने ती उकिरड्यावरून परत आणली, झटकली, आणि पुढच्या सालच्या डिंकासाठी पुन्हा टांगली. रखमाने केरूला हे निघताना सांगितले.

"सांगू का त्यांना?" तिने विचारले.

"कशाला?" केरू म्हणाला. "शाई आता कोन करतंय?"

मुंबईत त्याला सुताला खळ लावायच्या खात्यात काम मिळाले. पिठाची कांजी मोठ्या पिंपात शिजवायची, ती घट्ट होऊ नये म्हणून अखंड ढवळायची. मुकादम म्हणाला, याचा हात चांगला बसलाय. साडेतीन आठवडे काम झाले, आणि एप्रिलच्या अखेरीला गिरण्यांचा दुसरा संप सुरू झाला. तो सप्टेंबरपर्यंत चालला. केरू खोलीत राहिला. पाळ्या बंद झाल्यामुळे चौदाही माणसे एकदमच घरी असत, म्हणून तो आणि मोरू जिन्यात झोपत. घरी पैसे गेले नाहीत. रखमाने आषाढात कोणाकडून तरी लिहून घेतलेले पत्र आले. आये बरी आहे, काजळ धरते आहे, एवढेच त्यात होते.

ठकूबाईच्या डिंकाचे नऊ आणे द्यायचे राहिले आहेत.